एकाच पाइपची दोन उत्तरं

एडमंटनच्या ऑफिसात माझं प्रोबेशन चालू होतं. ते पार पडलं तरच पीआरसाठी, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्यासाठी, लागणारं पत्र मिळणार होतं, आणि आमचे पुण्याचे साहेब त्यावरच पाणी फिरवायला निघाले.

काम होतं जमिनीखालच्या पाइपांतून किती उष्णता वाया जाते ते काढायचं. प्रोग्रॅम फोरट्रान नावाच्या जुन्या संगणक-भाषेतला. पहिल्या पाइपचं उत्तर बरोबर, पुढची सगळी फुगलेली. साहेबांनी मीटिंगमध्ये इंग्रजीत जाहीर केलं, की आकडे मीच चुकीचे भरले. वर बाहेर येऊन मराठीत, "मनाला लावून घेऊ नकोस गं." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दोन दिवस मी कोड उपसत बसले. बेरीज करणाऱ्या सबरुटीनमध्ये, म्हणजे दर पाइपला पुन्हा बोलवायच्या कोडच्या तुकड्यात, पूर्वी दोन ओळी होत्या. एक बेरजेचं नाव सांगणारी, दुसरी तिला शून्य करणारी. साहेबांनी टापटिपीपायी दोन्हींची एक करून टाकली होती. त्यांच्या सवयीच्या भाषेत ते चालतं. फोरट्रानमध्ये नावासोबत दिलेलं शून्य प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच बसतं. पुढे सबरुटीनला कितीदा का बोलवा, मागची बेरीज तिथंच ठाण मांडून असते. नागपूरच्या कॉलेजात ह्याच चुकीनं माझं प्रॅक्टिकल बुडालं होतं. मी कशाला विसरते?

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगता आलं असतं. नाही सांगितलं. शुक्रवारच्या मीटिंगची वाट पाहिली.

"सर, बेरीज दर वेळी शून्यापासूनच सुरू होते ना?"

"ऑफकोर्स."

"नक्की?"

"ती ओळ मी स्वतः लिहिलीय," ते चिडून म्हणाले.

हेच मला सगळ्यांच्या कानांवर घालायचं होतं. मग मी एकच पाइप, तेच आकडे, लागोपाठ दोनदा चालवला. दुसरं उत्तर बरोबर दुप्पट आलं. मॅनेजरबाई साहेबांकडे बघत राहिल्या. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

संध्याकाळी पार्किंगमध्ये साहेब गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते.

"तुला आधीच कळलं होतं?"

"बुधवारी."

"मग केबिनमध्ये येऊन सांगायचंस. तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे मी."

"माझं नाव घेतलंत, तेव्हा मला केबिनमध्ये बोलावलं होतंत?"

ते दुसरी काच खरवडायला लागले.

पत्र मला मिळालं. त्यावर सही त्यांचीच लागत होती. पाठवून देतो म्हणाले, पण मी हलले नाही. टेबलासमोर उभी राहून करून घेतली.