उरलेलं परत जातं

माझे मामा उधळे आहेत असं कुणी म्हटलं तर मी भांडायला उठेन. हा माणूस झिजलेल्या साबणाचा तुकडा नव्या वडीला चिकटवतो, मोजे स्वतः रफू करतो आणि चहाच्या टपरीपुढून जाताना मान दुसरीकडे वळवतो. तरीही महिनाअखेर जवळ आली की मामीचा जीव खालीवर व्हायला लागतो. कारण तेव्हा हाच माणूस हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि डझनभर कड्या घेऊन येतो.

दाराच्या कड्या. आमच्या घराला दारं तीन, त्यातलं एक कायम उघडंच असतं.

"आता ह्या कशाला?" मामी.

"लागतात."

"कुठे लागतात?"

"अगं, महिना संपत आला," मामा असं म्हणायचे, जणू एवढं सांगितल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाला सगळं कळायला हवं.

मामीला कळायचं नाही. मलाही नाही. मी त्यांच्याकडेच राहतो आणि बँकेत नोकरी करतो. दिवसभर परक्या लोकांना बचतीचं महत्त्व पटवून द्यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन मागच्या महिनाअखेरीला आणलेल्या, पलंगाखालून बाहेर आलेल्या टॉर्चांच्या ढिगाला ठेच खायची, असं माझं आयुष्य होतं.

मामांची उभी जवानी फौजेत गेली, तीही पलटणीच्या स्टोअरमध्ये. बूट, दोर, कंदील, ब्लँकेटं यांचा हिशेब ठेवणारे ते हवालदार. म्हणून गल्लीत त्यांचं नाव 'स्टोअरमामा'. फौज सुटली तसं सरकारी क्वार्टरही सुटलं, भाड्याचं घर आलं. पेन्शन येते, आणि शिवाय एका मालगोदामाच्या गेटवर नोकरी. पण ही नोकरी ठेकेदाराची. दर वर्षी त्याची मर्जी बघायची. ती गेली तर पेन्शन सगळी घरभाड्यात जाणार आणि खायला उरणार मामांच्या कड्या. मामीला एवढीच एक धास्ती होती. चार-सहा महिने निघतील इतकं काहीतरी गाठीला असावं, बस.

मी म्हटलं, यात काय अवघड आहे! मामांना बँकेत नेलं, मुदत ठेव करून दिली, चक्रवाढ व्याज कागदावर मांडून दाखवलं. मामांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो.

त्याच महिन्याच्या अखेरीला मामा माझ्याच काउंटरसमोर रांगेत उभे. ठेव मोडायला. मी खुणा केल्या, डोळे मोठे केले. त्यांनी मला कडक सलाम ठोकला आणि दंड भरून पैसे घेऊन गेले. साहेबांनी विचारलं, "तुझे नातेवाईक ना रे?" मी म्हटलं, "लांबचे."

संध्याकाळी घरात ताडपत्री. नवी कोरी, अख्खं घर झाकेल एवढी.

"मामा, छप्पर गळतंय का?"

"गळलं तर?"

"गळलं तर त्या ठेवीतून घेतली असती ना ताडपत्री!"

"तोपर्यंत ठेव राहिली असती?" मामा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले. "लेका, तू शिकलास पण तुला सरकार माहीत नाही. तिथे वर्षअखेर, इथे महिनाअखेर; उरलेलं परत जातं. वर पुढच्या वर्षी साहेब म्हणणार, तुम्हाला कमीत भागतं की! आणि कापणार. एकदा मी कंदिलांचे पैसे वाचवले. शाबासकी मिळेल वाटलं होतं. पुढची दोन वर्षं अर्ध्या कंदिलांवर काढली."

"पण हे पैसे तुमचे आहेत. कोण परत नेणार?"

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पटलं म्हणून नव्हे. एवढा मोठा भाचा इतकं भाबडं बोलतो, याचं वाईट वाटून.

मी हात टेकले. मामीने मात्र ताडपत्रीची घडी घालता घालता विचारलं, "अहो, तुमच्या त्या स्टोअरमध्ये सगळंच संपवायचं असायचं? न संपवायचं असं काहीच नव्हतं?"

मामा एकदम ताठ बसले. "नव्हतं कसं? युद्धासाठीचा राखीव साठा होता! वेगळी खोली, वेगळं कुलूप."

"तो जायचा परत?"

"तो कसा जाईल? तो भरलेलाच पाहिजे. एक ब्लँकेट कमी निघालं तर माझ्या फिती उतरल्या असत्या. त्याला हात लावायचा तर कमांडिंग साहेबांचा लेखी हुकूम लागायचा. तोंडी चालायचा नाही."

"बरं," मामी म्हणाली. "आजपासून कमांडिंग साहेब मी."

मामांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "हुकूम लेखी लागेल हं."

दुसऱ्याच दिवशी मी दोघांच्या नावाने खातं उघडून दिलं. दोघांच्या सह्या असल्याशिवाय पैसे निघणार नाहीत. त्या दिवसापासून पगार झाला की मामा आधी राखीव साठा भरायचे, मग किराणा. महिनाअखेरीला हातात काही उरायचंच नाही, त्यामुळे कड्याही बंद.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण मामा आता दुसऱ्या टोकाला गेले. मामीच्या चष्म्याची काडी तुटली. तिने रीतसर हुकूम लिहिला. मामांनी तो वाचला आणि विचारलं, "युद्ध आहे?"

"अहो, मला तांदळातले खडे दिसत नाहीत!"

"ते युद्ध नाही."

मामीने काडीला दोरा बांधला आणि आठवडाभर मामांना खड्यांसकट भात वाढला. मामांनी कुरकुर न करता खाल्ला. फौजेतला माणूस, त्याला खड्यांचं काय! शेवटी काडी मी बसवून आणली.

मग व्हायचं तेच झालं. गोदामाच्या गेटवर आपोआप उघडणारं फाटक बसलं आणि ठेकेदाराने मामांना नमस्कार केला. मामा घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि जेवायला बसले. मग पहिल्या घासाआधी म्हणाले, "नोकरी गेली."

मामी उठली, पेन आणलं, कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहून त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या. मामांनी हात पुसून वाचल्या.

"तारीख नाही."

तिने तारीख घातली. मामांनी कागद खिशात ठेवला. "आहे," ते हळूच म्हणाले. "हे युद्ध आहे."

दर महिन्याला लागेल तेवढंच काढायचं, असं ठरलं. मामा रोज सकाळी काम शोधायला बाहेर पडत. दवाखान्यापासून छापखान्यापर्यंत सगळीकडे वय विचारलं जाई. घरभाडं मात्र एकदाही थकलं नाही.

त्या पहिल्या महिन्याच्या अखेरीला काढलेल्यातले थोडे पैसे उरले. सकाळपासून मामांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. शर्टाच्या खिशाला हात लावायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. हार्डवेअरवाल्याचं दुकान कोपऱ्यावरच आहे. मी चपला घालून तयार होतो, मागून धरून आणायला.

मामा स्वयंपाकघरात गेले, मामीसमोर टाचा जुळवून उभे राहिले आणि पैसे ओट्यावर ठेवले.

"उरलेले. परत साठ्यात."

मामीच्या हातातली पळी तशीच राहिली. मामा मात्र हलेनात. तोंड पाडून म्हणाले, "आता पुढच्या महिन्याला कापशील ना?"

मामीने पैसे मोजले, पदराला गाठ मारली आणि चष्म्यावरून बघत, चेहरा सरळ ठेवून म्हणाली, "तुम्हाला कमीत भागतं की!"

मामांचा चेहरा असा झाला की मी धावत जाऊन आधी दाराला कडी घातली.