गांगुर्ड्यांच्या कॉम्प्युटरचं ओव्हरहॉलिंग

नवनाथ गांगुर्डे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता आणि घरी आल्यावर तत्त्ववेत्ता. पंखा कुरकुरला तरी गडी आधी त्याच्याखाली उभा राहून विचार करणार, तेलाचं मग बघू. सिडकोतल्या त्याच्या घरात सत्त्याण्णव साली कॉम्प्युटर आला, तो अर्थातच 'पोरीच्या शिक्षणासाठी'. आपल्याकडे कॉम्प्युटर दुसऱ्या कशासाठी आलाय हो कधी?

पोरगी, म्हणजे अंजली, तेव्हा आठवीत. शिक्षण काय झालं म्हणाल, तर मोटारींची शर्यत. स्क्रीन मधोमध दुभागलेला, वर तिची लाल गाडी, खाली बापाची पिवळी. कीबोर्ड एकच, त्यावर दोघांची बोटं. हरायला लागली की कार्टी खुशाल बापाचा हात झटकायची. आणि कारखान्यात साहेबाच्या विनोदालाही न हसणारा हा बाप लहान पोरासारखा खिदळायचा.

मग अंजली इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. दोन हजार तीनच्या गणपतीत घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, याच्यावर एकही नवीन गेम चालत नाही." झालं! सुट्टीभर बाईसाहेब मैत्रिणींबरोबर कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत. नवनाथ रोज संध्याकाळी कॉम्प्युटर चालू करून वाट बघायचा आणि बंद करायचा. दिवाळीत तरी पोरीनं आपल्याजवळ बसावं, एवढंच त्याला हवं होतं.

"मग सरळ सांगा ना तिला, घरात थांब म्हणून," बायको, प्रतिभा, म्हणाली.

"छे! असं सांगतात का कुठं?"

बरोबरच आहे. बापानं मुलीला 'तुझी आठवण येते' म्हणायचं म्हणजे केवढी नामुष्की! त्यापेक्षा ग्राफिक्स कार्ड आणणं सोपं.

आता अपग्रेड करायचं की नाही, यावर कंपनीच्या बसमध्ये रोज परिसंवाद सुरू झाला. मूळचा निफाडचा मल्हारी शेजारी बसायचा. त्यानं जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, त्यामुळे त्याचं मत एकदम पक्कं होतं. "नवनाथभाऊ, द्राक्षाचा वेल जुना झाला तर छाटायचा, उपटायचा नाय. ती रॅम का फॅम टाक फक्त. लय झालं."

दुकानदार म्हणाला, "रॅमनं काय होतंय काका? कार्ड लागेल." कार्ड जुन्या बोर्डात बसेना, म्हणजे बोर्ड नवं. नव्या बोर्डाला जुना प्रोसेसर चालेना. नव्या प्रोसेसरला जुना वीजपुरवठा पुरेना. नालेसाठी घोडा म्हणतात तो हा, आणि इथे घोड्यामागून तबेलाही निघाला.

दुसरा कुणी असता तर इथेच हात जोडून घरी आला असता. पण नवनाथ पडला ओव्हरहॉलिंगचा माणूस. कारखान्यात त्याच्या हाताला एकच वळण लागलेलं: एकदा उघडलं की नव्या पार्टशेजारी जुना ठेवायचा नाही, अख्खा सेट बदलायचा. विमानाच्या बाबतीत हे शहाणपणाचंच. ते पडलं तर माणसं मरतात. सिडकोतल्या टेबलावरचा कॉम्प्युटर पडून पडून कुठे पडणार? पायाच्या अंगठ्यावर! पण ऐकतो कोण?

खंडेनवमीला त्यानं जुन्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर तेच मशीन एक्स्चेंजमध्ये दुकानदाराच्या स्वाधीन केलं. पूजा करून विसर्जन, आपल्या रीतीला धरूनच झालं सगळं. शर्यतीचा गेम तेवढा फ्लॉपीवर उतरवून घेतला.

धनत्रयोदशीला अंजली आली. नवं मशीन बघून किंचाळलीच, "पप्पा! कसलं भारी!"

"आधी आपली शर्यत," नवनाथ बाही सरसावून म्हणाला.

गेम लागला. स्क्रीन दुभागला, वर लाल आणि खाली पिवळी उभी राहिली. नवनाथनं बटणावर बोट ठेवलं आणि शर्यत संपली. दोन्ही गाड्या भिंतीवर! पुन्हा लावला, पुन्हा तेच. बोट हलायच्या आत सगळा खेळ खल्लास.

"प्रोसेसर फार फास्ट झाला पप्पा. जुने गेम याच्यावर असेच सुसाट सुटतात."

"मग हळू कर ना त्याला."

"हा गेम नाही होत हळू. जुनं मशीन कुठंय?"

"दिलं."

"अरेरे," अंजली म्हणाली. तिलाही क्षणभर वाईट वाटलं. मग तिनं बॅगेतून सीडी काढली. "जाऊ द्या. हा बघा नवीन. एकट्यानंच खेळायचा असतो, पण ग्राफिक्स बघाच तुम्ही." आणि कानाला हेडफोन लावला.

दिवाळीभर पोरगी घराबाहेर पडली नाही. सायबर कॅफेचं नावसुद्धा काढलं नाही. ग्राफिक्स तर काय वर्णावे, पानावरचे दवबिंदू दिसत होते! नवनाथ करंज्यांची ताटली घेऊन तिच्या पाठीमागे उभा राहायचा. ती स्क्रीनवरची नजर न काढता हात मागे करायची, करंजी घ्यायची आणि खायची.

भाऊबीजेच्या दुपारी तो स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला.

"झालं ना मनासारखं?" प्रतिभानं विचारलं. "पोरगी घरात आहे."

"आहे."

"मग तोंड का असं?"

नवनाथनं बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिकडे बटणांची टकटक चालली होती.

"मला खेळायला बोलवत नाही गं ती."