बोंडाच्या पाच पाकळ्या

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदगाव पेठेतल्या माझ्या शेडमध्ये स्टेनलेसच्या पाच पाइपांनी, मी तिथेच पाठमोरा उभा असताना, भलतंच वळण घेतलं. या प्रकारास मी जबाबदार नाही. बरं, थोडासा आहे.

माझा धंदा लोखंड वाकवण्याचा. जिनिंगच्या शेडच्या कमानी, टाक्यांची कडी, गोल जिन्यांचे कठडे. मशीनला तीन रूळ आहेत. पाइप त्यांतून पुढे-मागे फिरवायचा आणि दर फेरीला वरचा रूळ सूतभर खाली घ्यायचा. घाई केली की पाइप चपटा होतो, आणि मग तो भंगारातच. इतकी वर्षं झाली, पण सरळसोट पाइप हळूहळू गोलाईला लागला की मला अजूनही टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मशीन चालवणाऱ्या मिस्त्रींच्या धाकाने वाजवत नाही.

तर अकोल्याहून एक शिल्पकार बाई आल्या. तिथल्या एका कॉलेजच्या अंगणात त्यांना कापसाचं बोंड उभं करायचं होतं, दोन पुरुष उंच, पाच पाकळ्यांचं. मी हरखून गेलो. माझ्या हातून कलेचं काम! अमरावतीत भेटेल त्याला सांगत सुटलो. पाइप मात्र मोजून पाच. सहावा मागवायचा तर महिना लागणार, आणि उद्घाटन आठ दिवसांवर.

आमची रीत अशी की नकाशावरचं वळण आधी जमिनीवर खडूने खऱ्या मापात काढायचं आणि पाइप त्यावर ठेवून ठेवून जुळवायचा. मिस्त्री सणाला घरी वलगावला गेलेले, म्हणून ती रेघ मीच मारली. दसऱ्याला मशीन बंद. बायकोने शेड झाडली, पाणी मारलं, मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पुढ्यात ऐसपैस रांगोळी काढली. दुसऱ्या सकाळी मिस्त्रींनी लाल-पिवळे रंग झाडून टाकले, खडूची समजून पांढरी रेघ तेवढी ठेवली आणि मशीन सुरू केलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “भाऊ, हे रेघ टोकाले उलटी काहून वळून राहिली?”

मी पाठमोरा, मोटारीला तेल देत होतो. वळूनही न बघता म्हणालो, “कला आहे ती, मिस्त्री. आपल्याला नाही कळायची.”

“तुमाले कळते ना? मंग झालं,” म्हणत त्यांनी पाइप पालथा घातला आणि टोक बाहेर वळवलं. पाचही पाइपांचं.

दुपारी सहज बाईंचा नकाशा उघडला. नकाशात टोक आतच मिटलेलं. मी जमिनीकडे पाहिलं. खडू पाण्याने जवळजवळ गेलाच होता. उरलेल्या पुसट खुणेवरून बायकोने रांगोळी ओढली होती, आणि शेवटी तिचा हात सवयीने बाहेर वळला होता.

मिस्त्रींनी पाकळ्या एकीवर एक ठेवून पाहिल्या. “चूक तं हाय, भाऊ. पण पाचही जागी सारखी हाय. एक सूत फरक दाखवा.”

“ते बाईंना सांगता का?”

“मले कला कोठी कळते?”

चार वाजता बाई आल्या. पाचही पाकळ्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या. बाई एकदा जवळ गेल्या, एकदा लांब गेल्या, मग दारापर्यंत जाऊन तिथून बघत राहिल्या. तेवढ्यात बायको चहाचा थर्मास घेऊन आली आणि तीही बघत उभी राहिली. माफीचं भाषण मी तयार ठेवलं होतं.

“माझं बोंड मिटलेलं होतं,” बाई हळूच म्हणाल्या. “हे फुटलंय. काका, मला हेच हवं होतं, मला काढता येत नव्हतं. टोक असं वळवायचं कुणाला सुचलं?”

मी छाती पुढे काढली, घसा खाकरला. मिस्त्री छताकडे बघू लागले. बायकोने थर्मास खाली ठेवला आणि म्हणाली, “मी तं अजून वळवलं असतं मॅडम, पण डब्यातली रांगोळीच सरली.”