ड्रायव्हर असलेला रोलर कोस्टर

माझा छंद चारचौघांत सांगायची सोय नाही. लायडनच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर काचेच्या बशीत पेशी वाढवते आणि सुट्टी मिळाली की रोलर कोस्टरवर बसायला जाते. नवीन कोस्टर झाला की वहीत लिहिते. एक कोस्टर एकदाच धरायचा, मग त्यावर दहा वेळा बसा, असा आमच्या जमातीचा नियम आहे. लहान मुलांची ती अळीसारखी गाडीसुद्धा धरतात, फक्त तिथे मोठ्या माणसाला मुलाशिवाय बसू देत नाहीत. माझी मुलगी पाच वर्षांची झाल्यापासून मी या कामासाठी तिचा निर्लज्जपणे वापर केला आहे. मी गुडघे हनुवटीला लावून अळीत बसायचे आणि ती शेजारी जांभया द्यायची. नवऱ्याला झोपाळ्यावरही मळमळतं, त्यामुळे तो या प्रकरणातून कायमचा बाद.

राहता राहिले बाबा. बाबांनी तीस वर्षं वरंधा घाटात लाल डबा चालवला. ज्या माणसाने पावसाळ्यातल्या धुक्यात पन्नास प्रवासी आणि वर टपावर कोंबड्यांची खुराडी घेऊन ती वळणं काढली, त्याला माझा छंद नक्की आवडेल असं मला वाटलं होतं. ते पहिल्यांदा नेदरलँड्सला आले तेव्हा मी त्यांना मोठ्या हौसेने एका पार्कात नेलं. बाबांनी गाडीला पुढून-मागून चक्कर मारली आणि तिथल्या माणसाला मराठीतच विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?"

मी भाषांतर केलं. त्या माणसाने काचेआडच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"ज्या गाडीला ड्रायव्हर नाही त्या गाडीत मी बसत नाही," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझी पर्स, मुलीचं जॅकेट आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि तीन तास कठड्याला टेकून उभे राहिले. प्रत्येक पार्कात हेच. मी वरून हात हलवायचे, ते खालून पर्स हलवायचे. मला फार वाईट वाटायचं. एकदा, फक्त एकदा, बाबांनी माझ्या शेजारी बसावं अशी माझी इच्छा होती, आणि मी बेचाळीस वर्षांची होऊन त्यासाठी लहान मुलीसारखी हटून बसले होते.

मग मला कळलं की इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवर जुन्या जत्रेच्या बागा आहेत, आणि तिथे शंभरीच्या आसपासची एक लाकडी गाडी आहे, जिच्यात ब्रेकवाला स्वतः बसतो. रुळाला ब्रेक नाही. गाडीच्या मधोमध माणूस, त्याच्या हातात दांडा. वळण आलं की तो ओढणार.

मी पुण्याला फोन लावला. "बाबा, ड्रायव्हर आहे."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग ते म्हणाले, "दांडा लाकडी की लोखंडी?"

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत बाबा तीन महिन्यांसाठी आले. एप्रिलसाठी हूक व्हॅन हॉलंडहून बोट ठरवली होती, सहा दिवसांत चार किनारे, सगळा तक्ता फ्रीजवर लावलेला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मार्चमध्ये सगळं बंद झालं, बोट गेली, बाबांचं विमानही गेलं. तक्ता तेवढा फ्रीजवर राहिला.

बाबांनी मात्र दौरा रद्द मानला नाही. रोज चार वाजता चहा घेऊन ते लॅपटॉपसमोर बसायचे आणि त्या लाकडी गाडीचे व्हिडिओ बघायचे. "इथे उशिरा ओढला." "हा नवा दिसतोय, घाबरतो." मी शेजारच्या खोलीत ऑनलाइन मीटिंगमध्ये असायचे आणि माझ्या साहेबांना मागून कुणीतरी ब्रेकवाल्याला झापताना ऐकू यायचं. एकदा त्यांनी विचारलंच की घरी सगळं ठीक आहे ना.

मे महिन्यात शेजाऱ्यांनी आपली बाकफीट्स आम्हाला वापरायला दिली, म्हणजे ती पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, जिच्यात इथले लोक मुलं, कुत्रे आणि आठवड्याचा बाजार एकत्र भरतात. बाबांनी तिचे ब्रेक तपासले, चाकाला लाथ मारली आणि जाहीर केलं की रंगीत तालीम होणार. नेदरलँड्समध्ये चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. पेटीत मी आणि मुलगी, मागे सीटवर बाबा. तोंडाला मास्क, मे महिन्यात डोक्याला माकडटोपी. सायकल हलेना.

"बाबा, निघा की."

"बेल कुठे झाली?"

लाल डब्यात कंडक्टरने दोरी ओढून एकदा घंटी वाजवली की थांबायचं आणि दोनदा वाजवली की निघायचं. डबल बेलशिवाय बाबांनी तीस वर्षांत गाडी हलवली नाही, आणि लायडनच्या पुलावरही ते नियम मोडणार नव्हते. शेवटी मुलीने मागे हात घालून सायकलची घंटी दोनदा वाजवली, ट्रिंग ट्रिंग, आणि आम्ही पुलावरून खाली सुटलो. उताराच्या निम्म्यावर बाबांनी असा सुरेख ब्रेक मारला की मला खरंच टाळी वाजवावीशी वाटली.

मग रोजच सुरू झालं. एकदा खेमेंटेच्या म्हणजे पालिकेच्या गणवेशातल्या माणसाने आम्हाला थांबवलं आणि एवढे सगळे एकाच सायकलवर कसे, म्हणून विचारलं. मुलीने डचमध्ये खुलासा केला की आम्ही एकाच घरातले आहोत, आजोबा बस ड्रायव्हर आहेत आणि आम्ही इंग्लंडला निघालोय. त्याने माकडटोपीकडे बघितलं, पेटीत पाय दुमडून बसलेल्या माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग बोट चुकवू नका."

ऑगस्टमध्ये खास विमान मिळालं आणि बाबा पुण्याला गेले. घर एकदम मोकळं पडलं. चार वाजले की मुलगी उगाच लॅपटॉपपाशी जाऊन बसायची. पुन्हा कधी भेट होईल याची खात्री नव्हती, त्या दिवसांत कुणालाच नव्हती, आणि मी तक्ता फ्रीजवरून काढला नाही.

दोन वर्षांनी निर्बंध उठले, बाबा आले, सगळ्यांचे व्हिसे झाले आणि नवऱ्याला घरी ठेवून आम्ही तिघं बोटीत बसलो. इंग्लंडच्या त्या किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या सीगलने बाबांच्या हातातलं थालीपीठ पळवलं. तो पक्षी पुन्हा येईल म्हणून बाबा दुसरं थालीपीठ छत्रीखाली बसून खात होते. तिथून आम्ही थेट गाडीपाशी गेलो.

ब्रेकवाला बाई निघाली. गुलाबी केसांची, विशीतली. बाबांनी माझ्यामार्फत तिची तोंडी परीक्षा घेतली. ब्रेकचे पट्टे कधी बदलले, पाऊस आला तर काय करता, हा तिसरा उतार जरा फसवा दिसतो. तिने सगळी उत्तरं नीट दिली. दांडा लोखंडी होता. बाबांनी मान डोलावली, सामान फलाटावर ठेवलं आणि माझ्या शेजारी बसले. मुलगी मागे.

आणि गाडी सुटायच्या बेतात असताना बाबा उठू लागले.

"उतरतो मी."

"बाबा, ड्रायव्हर आहे ना आता?"

"आहे," ते म्हणाले. मग अगदी हळू, "मला भीती वाटते गं. पहिल्यापासूनच वाटते. स्वतः चालवताना वाटत नाही. मागे बसलो की वाटते."

इतकी वर्षं मी त्यांना हट्टी समजत होते. एक पाय फलाटावर टाकून ते वाकले होते, एवढ्यात मागून आवाज आला, ट्रिंग ट्रिंग. मुलीने शेजाऱ्यांच्या सायकलची घंटी काढून खिशात आणली होती. शेजाऱ्यांना आजही ते माहीत नाही.

बाबांचा पाय आपोआप आत आला. डबल बेल झाल्यावर गाडी सोडून उतरणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते ताठ बसले, समोर बघितलं, आणि गाडी निघाली.

पहिल्या उतारावर त्यांनी ब्रेक मारला. तो ब्रेक म्हणजे माझा उजवा पाय होता. दुसऱ्या उतारावर मारला, तिसऱ्या फसव्या उतारावर तर पूर्ण दाबून धरला. मी ओरडत होते आणि बाबांना वाटत होतं की मला मजा येतेय. मजाही येतच होती. खाली आलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते म्हणाले वाऱ्यामुळे.

"परत?" मुलीने विचारलं.

मला बूट काढून अंगठा बघायचा होता, तो निळा पडला होता. बाबांनी फलाटावरची पर्स, जॅकेट आणि छत्री उचलून माझ्या हातात दिली. "तू हे धर," म्हणाले, आणि नातीचा हात धरून पुन्हा रांगेत गेले.

मी लंगडत कठड्याला टेकले. खालून ती गाडी भलतीच उंच दिसते आणि आपली माणसं फार लहान दिसतात. वळणावर गाडी दिसेनाशी झाली की ती पुन्हा दिसेपर्यंत हातातली पर्स घट्ट धरावी लागते. बाबांनी हे किती पार्कांत, किती तास केलं होतं, ते मी वहीत कधी लिहिलं नव्हतं.

वरून ट्रिंग ट्रिंग ऐकू आलं. बाबा हात हलवत होते. मी पर्स हलवली.