बागलाण नक्की कुठून लागतं?

दिवाळीच्या सुट्टीत लोक गोव्याला जातात. आम्ही एक रेघ शोधायला गेलो. आणि वाचकहो, इतकी मजा मला कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावर आलेली नाही!

झालं असं. मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून नववीसाठी ‘प्रदेश’ या धड्याची तयारी करत होते. जिल्ह्यातले प्रदेश रंगवताना बागलाणाला हिरवा रंग दिला आणि तालुक्याच्या सीमेवरून, म्हणजे सटाण्याच्या अलीकडच्या गिरणा नदीच्या पुलापासून, ठसठशीत रेघ मारली. माझे सासरे, आप्पा, चहा घेत बाजूला बसले होते. ते म्हणाले, “चुकलंय.”

मी पेन्सिल खाली ठेवली. सासूबाई गेल्यावर आम्ही आप्पांना सटाण्याहून नाशिकला आणलं, त्याला दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात ते ‘हो’, ‘नको’ आणि ‘जेवलो’ याच्या पलीकडे फारसं बोलले नव्हते. माझा नवरा प्रशांत आणि मी त्याच काळजीत असायचो. आणि आज ते चक्क वाद घालत होते.

“पुलाच्या लय आधी लागतं बागलाण,” ते म्हणाले.

“मग कुठून लागतं, आप्पा?”

“सांगून नाय कळायचं. जावं लागतं.”

आप्पांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आहे, त्यातली बरीचशी नाशिक-सटाणा मार्गावर. प्रशांतला ऑफिसमधून रजा नव्हती. म्हटलं, चला, आपण दोघंच जाऊ! आणि नुसतं बागलाणच कशाला, प्रदेश ठरतो तरी कसा, हे सगळंच बघू.

पहिल्या दिवशी उलट्या दिशेला, घोटीला गेलो. भूगोलात प्रदेश ठरवायची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे एक गुण निवडायचा आणि तो संपतो तिथे रेघ मारायची. मी भात निवडला. सकाळी सातला निघालो तर मुंबई महामार्गावर गर्दी कमी असते, तासाभरात घोटी येतं. बाजाराजवळ वडापाव खाल्ला आणि मुख्य रस्ता सोडून आत शिरलो. काय दृश्य होतं ते! सगळीकडे पिवळंधम्मक भात, कापणी चाललेली, हवेत ओल्या पेंढ्याचा वास. नाशिककर वाचकांनो, नोव्हेंबरचा पहिला आठवडा चुकवू नका.

बांधावर दम खात बसलेल्या एका बाईंना विचारलं, “मावशी, हा भाताचा मुलूख कुठपर्यंत?”

“पाणी धरून राहील तिथवर,” त्या म्हणाल्या. “माझ्या भावाचं वाडीवऱ्हेकडं हाय. त्याचं खालचं शेत भाताचं आन् वरचं सोयाबीनचं. आता तो कुठल्या मुलखात राहतो ते तुम्हीच सांगा.”

माझी पहिली रेघ एका माणसाच्या दोन शेतांमधून गेली! परतताना मी दर काही किलोमीटरला गाडी थांबवून वहीत लिहीत होते: भात, भात, भात-सोयाबीन, टोमॅटो, भाताचं एकच शेत. आप्पा गाडीतच बसून होते. मला वाटलं, कंटाळले.

दुसऱ्या दिवशी बॅगा भरून निफाडमार्गे मनमाड. रस्ता छान आहे, फक्त उसाचे ट्रॅक्टर मध्येच आडवे येतात, तेव्हा घाई करू नका. निफाडच्या द्राक्षबागांची छाटणी होऊन नवी पालवी फुटली होती, मैलोन् मैल एकाच उंचीचा कोवळा हिरवा रंग. असा एकसारखा प्रदेश नकाशावाल्यांना फार आवडतो.

मनमाड वेगळं. तिथे एकसारखं काहीच नाही, तरी तो प्रदेशच आहे, कारण आजूबाजूची माणसं त्या एका गावाभोवती फिरतात. स्टेशनबाहेर बॅगा विकणाऱ्या एका दुकानदाराला मी विचारलं, “दादा, मनमाडची हद्द कुठवर?”

“नगरपालिकेची विचारताय का आमची?” तो हसला. “नगरपालिकेची ही इथं संपली. आमची इकडं येवल्यापर्यंत, तिकडं नांदगावच्या पुढं. पोरगी सासरी निघाली, पोरगं नोकरीला निघालं, का बॅग घ्यायला माणूस इथंच येतो.”

मी उभ्या उभ्या वहीत मनमाडभोवती बाण काढले. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये स्वच्छ खोल्या हजाराच्या आत मिळाल्या. खालच्या खानावळीतली शेवभाजी मात्र जपून खा, डोळ्यांतून पाणी काढते. आप्पांनी दोनदा मागून घेतली. तेवढ्यानेही मला हुरूप आला.

तिसरा दिवस आप्पांचा होता. आदल्या दोन दिवसांत मागे बसणारे आप्पा त्या सकाळी न सांगता पुढच्या सीटवर येऊन बसले.

चांदवड, मग सोग्रस फाट्याला उजवीकडे देवळ्याचा रस्ता. भावडबारीच्या घाटात मी गाडी कडेला घेतली. उत्साहाच्या भरात खाली उतरून हात पसरले आणि म्हणाले, “आप्पा, या डोंगराच्या अलीकडे पडलेला पाऊस गोदावरीला जातो, म्हणजे थेट बंगालच्या उपसागरात. पलीकडे पडलेला गिरणेत, तिथून तापीत आणि मग अरबी समुद्रात! म्हणजे बागलाणाची रेघ हीच, हो ना?”

आप्पांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. “पाण्याची असंल,” ते म्हणाले. “माणसांची पुढं.”

घाट उतरल्यावर पत्र्याची एक टपरी लागली. मी चहा आहे का विचारलं. चुलीपुढच्या आजी म्हणाल्या, “हाय ना, बसा.” मग मागे वळून सुनेला म्हणाल्या, “दूध शे का वं?”

आतून उत्तर आलं, “शे ना.”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. परक्याशी ‘हाय’, घरच्याशी ‘शे’! भाषेची सीमा एका बाईच्या तोंडात सापडली होती. मी वही काढेपर्यंत शेजारून आवाज आला, “मन्हा चहामा साखर कमी टाक वं माय. माले चालस नही.”

आप्पा अहिराणी बोलत होते. खणखणीत, कंडक्टरच्या आवाजात.

आजी आणि आप्पा पाऊण तास बोलत होते. डाळिंबं, कांद्याची रोपं, कुणाकुणाची लग्नं. मला निम्मंच कळत होतं. आणि तिथे बसल्या बसल्या जे लक्षात आलं, त्याची मला लाज वाटली. आप्पा ही भाषा सासूबाईंशी बोलायचे. त्या गेल्यापासून आमच्या घरात ती एकदाही ऐकू आली नव्हती. आम्ही त्यांना गोळ्या वेळेवर दिल्या, फिरायला नेलं, टीव्ही घेऊन दिला. ते बोलत का नाहीत, याचा विचार करताना कुठल्या भाषेत बोलतील, हा प्रश्न मला, भूगोलाच्या बाईला, पडला नाही.

“आता लागलं ना बागलाण?” गाडीत बसताना मी विचारलं.

“अजून थोडं.”

देवळ्याच्या अलीकडे एका फाट्यावर त्यांनी हात वर केला. गाडी थांबली. कडुनिंबाखाली भाजीच्या टोपल्या मांडून एक वयस्कर बाई बसली होती. तिने आप्पांकडे पाहिलं, डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं आणि उठलीच.

“कंडक्टर भाऊ! कथा व्हतात इतला दिन?” इतके दिवस कुठे होतात, असं ती विचारत होती.

आप्पा मला म्हणाले, “हे बघ. इथून पुढं लोक तिकीट काढायच्या आधी घरचं विचारायचे. ही इंदूबाई. हिच्याकडची भाजी मी बसमधून तुझ्या सासूला न्यायचो.”

तेवढ्यात इंदूबाईंनी विचारलंच, “वहिनी कशी शे?”

मी पुढे झाले, आपण सांगावं म्हणून. आप्पांनी हाताने थांबवलं.

“ती गयी वं, बहिन. दीड वरीस व्हयनं.”

सासूबाईंच्या दहाव्यालाही मी आप्पांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या फाट्यावर, भर दुपारी, ते टोपलीशेजारी बसून रडले. इंदूबाई त्यांना गप्प करायला गेल्या नाहीत. सासूबाईंना कुठली वांगी आवडायची, निरोप कसे कडक पाठवायच्या, हेच त्या सांगत राहिल्या. मग फडक्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा काढून अर्धी आप्पांच्या हातावर ठेवली आणि उरलेल्या अर्धीचे दोन तुकडे करून एक मला दिला. त्या जेवणाचे पैसे काढायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे सटाण्याला गेलो, बंद घराच्या दारं-खिडक्या उघडल्या, झाडलोट केली आणि संध्याकाळच्या आत महामार्गाने परत निघालो. पिंपळगावच्या टोलपर्यंत आप्पा बोलत होते. कुठल्या गावचे लोक खिडकीसाठी भांडायचे, कुठल्या थांब्यावर बैलपोळ्याला बस रिकामी जायची. मी गाडी चालवत होते, नाहीतर सगळं लिहून घेतलं असतं.

प्लॅन करणाऱ्यांसाठी: तीन दिवसांत साधारण साडेतीनशे किलोमीटर होतात. नकाशा जरूर न्या, पण जोडीला त्या रस्त्यावर आयुष्य काढलेलं एखादं माणूस असेल तर आधी त्याला गाडीत घ्या.

माझ्या नकाशात आता बागलाणाला रेघ नाही. घाटाच्या पायथ्यापासून फिकट हिरवा सुरू होतो आणि पुलाकडे जाताना गडद होतो. सुट्टी संपल्यावर मी तोच वर्गात लावला.

त्या रात्री घरी पोचलो तेव्हा प्रशांतने कुकर लावला होता. आप्पांनी चपला काढल्या आणि दारातूनच विचारलं, “जेवाले काय शे?”

प्रशांत थबकला. कॉलेजसाठी नाशिकला आल्यावर मुलं हसायची, म्हणून त्याने ही भाषा सोडली होती. आई-वडिलांना तो नेहमी प्रमाण मराठीत उत्तर द्यायचा. आता तो झारा हातात घेऊन दारापर्यंत आला.

“खिचडी शे, आप्पा,” तो म्हणाला. पहिल्यांदा अडखळला. मग पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचंही.

ताटं वाढून झाली तरी दोघं बोलतच होते. मध्येच दोघं खो-खो हसले. मी म्हटलं, “अहो, मलाही कळू द्या की!”

आप्पांनी माझ्या खिचडीवर तूप वाढलं. “आधी जेव,” ते म्हणाले. “उद्यापासून तुला शिकवतो.”