सीटवरची दस्ती

ती केस आठवली की आजही मला आधी गुडघा आठवतो, माणूस नंतर. खून-दरोड्याची नव्हती ती. अहमदपूर भागात नेमणुकीला असताना एका दालमिलचा मॅनेजर ठाण्यात आला. त्यांच्या एका हमालाच्या गुडघ्यावर कामावर असताना पोत्यांची थप्पी कोसळली होती. ते मिलला मान्य होतं, दर पंधरवड्याला भरपाईही चालू होती. मग हमालाने अर्ज केला, की गुडघा आणखी बिघडलाय, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, भरपाई वाढवा. मॅनेजर म्हणाला, "साहेब, हा स्टँडवर बस धरायला पळताना पडला. गुडघा तिथं मोडला आणि आता आमच्या गळ्यात मारतोय. फसवणुकीचा गुन्हा घ्या."

कुणी कडक इस्त्रीत आला म्हणून मी कधी गुन्हा घेतला नाही. स्टेशन डायरीला नोंद केली, चौकशी स्वतःकडे ठेवली आणि ओळखीच्या सरकारी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "नुसतं दुखणं वाढून भागत नाही. बिघाड जुन्या इजेतूनच आलेला पाहिजे. मध्ये वेगळाच अपघात झाला असेल, तर तो मिलच्या माथी मारता येत नाही."

"आणि जुन्या गुडघ्यानेच दगा दिला म्हणून पडला असेल तर?"

"मग ते पडणंही जुन्या इजेतच धरावं लागेल. ठरवणार भरपाई आयुक्त. पण तो पडला कसा, हे तुम्ही शोधा."

म्हणजे सगळं एवढ्यावर आलं, की तो पळत होता की चालत होता. पळत असला तर त्याचं ऑपरेशन गेलं, पाय गेला, वरून गुन्हा.

हमालाला बोलावलं. चाळिशीचा गडी, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आला. विचारलं, "स्टँडवर पडलास?"

"न्हाई साहेब. पडलोच न्हाई."

खोट्या उत्तराला घाई फार असते, प्रश्न संपायच्या आत येतं. आमच्या हवालदाराने तोवर स्टँडवरचा चहावाला गाठला होता. त्याने याला जमिनीवर पडलेलं पाहिलं होतं. ते सांगितल्यावर गड्याची मान खाली गेली. माझं डोकंच फिरलं. चांगला झापला त्याला. शेवटी बायकोला राहवलं नाही. "साहेब, पडल्याचं कळलं तर समदंच बंद करतील, अशी भीती घातली व्हती ह्यांना कुणी तरी. म्हणून बोलले न्हाईत."

"पडलो," तो म्हणाला. "पण पळत नव्हतो. गुडघा आपसूक मुडला."

"आता हेच म्हणणार की," हवालदार पुटपुटला. त्याचंही चूक नव्हतं. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं दुसरं बोलणं कोण धरतो? स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं तोंड पार्सलच्या खोलीकडे, त्यामुळे तिथूनही काही हाती लागलं नाही.

मी जरा डिवचूनच विचारलं, "बाजाराचा दिवस, नांदेडची गाडी. धडधाकट माणसं दारात लोंबकळतात आणि तू निवांत चालत होतास? असल्या गुडघ्याने नांदेडपर्यंत उभा जाणार होतास काय?"

"मला कशाला पळायचंय साहेब? खिडकीतनं दस्ती टाकली व्हती की."

दस्ती म्हणजे रुमाल. आमच्याकडे सीटवर दस्ती पडली की ती जागा त्या माणसाची. लोक आईबापावरून भांडतील, पण दुसऱ्याची दस्ती उचलताना दहादा विचार करतील. मी खुर्चीत सरळ बसलो.

त्या गाडीची कंडक्टर बाई शोधून काढली. तिला सगळं लख्ख आठवत होतं, कारण भांडण झालं होतं. "हाव साहेब, हिरवी दस्ती. एक जण त्या सीटवर बसाया लागला व्हता, तर बाजूची म्हातारी बसू देईना. म्हणे, दस्तीवाला लंगडत येऊन राहिला, दिसंना का तुला? मी खिडकीतनं बघितलं, तर त्यो मधीच खाली बसला. पाय धरून. गाडी सोडावी लागली. गाडी परत आल्यावर दस्ती स्टँडच्या कंट्रोलरकडं दिली."

कंट्रोलरच्या खिडकीच्या गजाला ती अजून बांधलेली होती. चहावाल्याला पुन्हा विचारलं, पळताना पाहिलंस का? तो म्हणाला, "पडलेला बघितला साहेब. पळाला असंल म्हणलं. मिलची माणसंबी तसंच म्हणत व्हती." माणूस अर्धं डोळ्यांनी बघतो आणि उरलेलं ऐकीव माहितीने भरतो. नोकरीभर हेच पाहिलं.

गुन्हा दिसून येत नाही, असा अहवाल जबाबांसह दिला. नांदेडच्या डॉक्टरांनीही गुडघ्यात नवीन काही मोडलेलं नाही, जुनीच इजा वाढली आहे, असं लेखी दिलं. आयुक्तांनी बिघाड मान्य केला, भरपाई वाढली, ऑपरेशनचा खर्च मिलवर पडला. ते कळलं तेव्हा इतकं हायसं वाटलं, की मी सगळ्या ठाण्याला चहा सांगितला. हवालदार म्हणाला, "साहेब, नातू झाला काय?"

भीतीपोटी एक खोटं बोललेल्या माणसाकडेही सांगायला खरं असतं, हे मी त्या केसमध्ये शिकलो. माणूस पडलेला सगळ्यांना दिसतो. कशाने पडला, ते विचारावं लागतं.

आता मी निवृत्त आहे आणि गुडघे माझेही कुरकुरतात. परवा त्याच स्टँडवर लातूरची गाडी लागली, लोक दाराकडे धावले. मी मागेच राहिलो. तेवढ्यात पुढून एक गडी जरासा लंगडत आला. केस पिकलेले, पण चेहरा मी ओळखला.

"सावकाश या साहेब," तो म्हणाला. "तुमच्यासाठी दस्ती टाकलीय."