दिगंबरचे पाच थर

महिन्याभरापूर्वी सकाळी दिगंबरच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." हृदयविकाराचा झटका. दुःखाच्या आधी माझ्या मनात दुसरंच काही आलं, ते इथं लिहायलाच हवं... आता त्याला कधीच कळणार नाही, असं वाटून मला सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेचीच तेव्हापासून मला भीती वाटते आहे.

दिगंबर मारेगावचा, माझा वर्गमित्र, बंगळूरला संशोधक. मी वणीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पेन्सिलीत असतं त्या ग्राफाइटचे चिकटपट्टीनं पापुद्रे काढायचे, त्यांतला नेमका पाच थरांचा शोधायचा आणि अतिथंड करून पाहायचा, हे त्याचं काम. "राजूरच्या कोळसा खाणीतले लोक ट्रकानं कार्बन काढून राह्यले, अन् मी पाच थरासाठी मरून राह्यलो बे," असं म्हणून हसायचा. त्याच्या एका नमुन्यात वीज कसल्याही अडथळ्याविना वाहिली आणि त्याच वेळी चुंबकत्वही दिसलं. एरवी या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. लोकांनी ते मानायचं तर दुसऱ्या नमुन्यातही तसंच दिसायला हवं होतं.

वडिलांच्या आजारपणात तो गावी आला, तेव्हा हा दुसरा नमुना त्यानं आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रचला. यातले थर जिन्याच्या पायऱ्यांसारखे सरकलेले लागतात. दाब पडला की घसरून साध्या ग्राफाइटसारखे बसतात. हे त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. तो दवाखान्यात गेलेला असताना मला पापुद्र्यावरच्या पारदर्शक फिल्मखाली एक बुडबुडा दिसला. मोबाइलच्या काचेवरचा काढतो तसा मी तो अंगठ्यानं दाबून काढला. मला वाटलं, मदत करतोय.

बंगळूरला नेऊन थंड केला, तर तो नमुना गप्पच राहिला; दोन्हींपैकी काहीच दिसलं नाही. दिगंबरचा फोन आला.

"मी नसताना कोणी हात तं नाही लावला ना गा?"

"नाही बा. कोण लावते?"

पुढं दर आठवड्याला फोन यायचा आणि दर वेळी आवाज आणखी खाली गेलेला असायचा. "थर माह्याच हातानं सरकले असन. हात थरथर कापून राह्यले वाटते." नवा नमुना रचायची हिंमत त्याला राहिली नाही. पहिल्या नमुन्यावरचा शोधनिबंध मागे घेतला, रजा घेऊन मारेगावला परतला आणि ती वाढवत तिथंच राहिला. मी म्हणत गेलो, "आराम कर."

तेरवीनंतर वहिनींना सगळं सांगितलं. बंगळूरच्या त्याच्या सहकाऱ्यांनाही लिहून कळवलं आहे. वहिनी उठल्या. मग मला त्याच्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीपाशी खुर्ची तशीच होती.

"रोज सकाळी इथं बसत. दोन्ही हात समोर धरत, बोटांवर कोरा कागद ठेवत, अन् मले म्हणत, पाह्य बरं, हलते का."

"मग?"

"कधीच नाही हलला, भाऊजी. मी सांगो, तरी त्यायले वाटे, मी मन राखाले म्हणून राह्यली."